काऊन? कशावरून? पोट्ट्यांना विचार करायला लावायचं म्हणजे वर्गात नेमकं काय करायचं

"एका सालदाराकडं २६ शेळ्या अन् १० ढोरं आहेत, तर सालदाराचं वय किती?"

हे गणित मी तिसरी-चौथीच्या पोट्ट्यांना फळ्यावर लिहून दिलं (सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी). कोणी हसलं नाही, कोणी थांबलं नाही, मुकाट्यानं वह्या उघडल्या अन् दोन पोट्टे सोडले तर सगळ्यांनी ३६ लिहून आणलं. एकाला विचारलं, काऊन रे ३६? तर म्हणते, "सर, मी पयले वजा केलं तं १६ आले, एवढं लहान पोट्टं सालदार राह्यते काय, मंग बेरीज केली."

मला आधी हसू आलं अन् मग रात्री झोप नाही आली. कारण हा पोरगा विचार करत होता ना बाप्पा! उत्तर पटण्यासारखं आहे का हे तपासत होता, फक्त "या गणितात वयाचा संबंधच नाही" असं म्हणायची परवानगी आहे हे त्याला शाळेनं म्हणजे मीच कधी सांगितलं नव्हतं. पुढं कळलं की हा प्रकार आपल्याकडचाच नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असंच गणित पोरांना दिलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या अन् १० बकऱ्या, कप्तानाचं वय सांगा, अन् तिकडच्याही बहुतेक पोरांनी आकडेमोड करून उत्तर काढलं. म्हणजे दोष वऱ्हाडच्या पोट्ट्यांचा नाही, शाळा नावाच्या सवयीचा आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत शिकवतो, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एकेका खोलीत दोन-दोन वर्ग. खाली जे लिहून राह्यलो ते अशाच शाळेत करून पाहिलेलं आहे, काही जमलं काही फसलं. तुमच्याकडं प्रोजेक्टर असला तर चांगलंच आहे पण लागत नाही.

सुरू करायच्या आधी एक भांडण मिटवून घेतो

"विचारकौशल्य" म्हणून वेगळा तास लावू नका. शनिवारी अर्धा तास कोडी सोडवली, आगपेटीच्या काड्या इकडून तिकडं केल्या, मजा येते, पण त्यानं पोरगं फक्त काड्यांची कोडी सोडवण्यात हुशार होते. डॅनियल विलिंगहॅम नावाचे मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात की चिकित्सक विचार हे सायकल चालवण्यासारखं एकदा शिकलं की कुठंही चाललं असं कौशल्य नाही, ज्या विषयाची माहिती आहे त्याच विषयात माणूस नीट विचार करते. ज्याला पऱ्हाटीबद्दल म्हणजे कापसाच्या झाडाबद्दल काहीच माहीत नाही तो बोंडअळीबद्दल काय डोंबल विचार करणार. म्हणून पाढे पाठ पाहिजेत, वाचन पक्कं पाहिजे, माहिती पाहिजे. "पाठांतर नको विचार हवा" असं जे ट्रेनिंगमध्ये ऐकवतात ते अर्धंच खरं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार हा शब्द आहे, पीपीटीतही असते, फक्त सोमवारी अकरा वाजता वर्गात उभं राहून करायचं काय ते कोणी सांगत नाही.

तर करायचं हे, की जे रोज शिकवतो तेच शिकवायचं, फक्त प्रश्न विचारल्यावर आपण जे करतो ते बदलायचं.

पहिली पायरी: प्रश्न विचारा अन् गप बसा

ही सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात अवघड पायरी आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो तासांचं रेकॉर्डिंग ऐकलं अन् त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. एका सेकंदात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचार, नाहीतर स्वतःच सांगून टाक. जिथं शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले तिथं पोरांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, अन् जी पोरं कधी बोलत नव्हती ती बोलायला लागली.

मी मोबाईल टेबलावर ठेवून माझाच एक तास रेकॉर्ड केला, तुम्हीही करा, पण एकट्यानं ऐका. मी स्वतःला फार शांत माणूस समजत होतो, अन् रेकॉर्डिंगमध्ये मी एखाद्या लिलावात बोली लावल्यासारखा बोलून राह्यलो होतो.

कसं करायचं:

प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा अन् मनात पाचपर्यंत मोजायचं. हातात खडू राहिला की हात फळ्याकडं जातेच. पहिले दोन-तीन दिवस पोट्टे घाबरतात, त्यांना वाटते सर रागावले, म्हणून आधीच सांगून टाकायचं की आता मी थांबणार आहे, कोणी बोलायचं नाही, डोक्यात उत्तर शिजू द्या.

हात वर करणं बंद. आमच्याकडं बिस्किटाच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, प्रश्न आधी, पाच आकडे मग, चिठ्ठी त्याच्यानंतर. नाव आधी घेतलं तर बाकीचे वीस पोट्टे सुट्टीवर जातात. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाहीतर एकदा नंबर येऊन गेलेला मोकळा होते.

उत्तर आल्यावरही थांबायचं! हे मला फार उशिरा कळलं. पोरगं उत्तर देते, आपण लगेच "शाब्बास" म्हणतो, संपलं. शाब्बास न म्हणता फक्त त्याच्याकडं बघत राहिलं तर दोन-तीन सेकंदांनी तेच पोरगं पुढचं वाक्य बोलते, "म्हणजे सर, असं का..." अन् खरा विचार त्या दुसऱ्या वाक्यात असते.

दुसरी पायरी: बरोबर उत्तरालाही "कशावरून?"

आपण "काऊन" कधी विचारतो? उत्तर चुकलं की. त्यामुळं पोट्ट्यांनी एक नियम बसवला आहे, सरांनी काऊन विचारलं म्हणजे चुकलं, उत्तर बदला. तुम्ही करून पाहा, सात गुणिले आठ छप्पन म्हणणाऱ्याला काऊन म्हणा, तो लगेच "चौपन?" म्हणते.

म्हणून पंधरा दिवस ठरवून फक्त बरोबर उत्तरांनाच "कशावरून?" विचारायचं. चेहरा कोरा ठेवायचा. नंतर चूक-बरोबर दोन्हीला. मग एक वेळ येते की पोरगं उत्तरासोबत कारण न विचारता सांगते, आमच्याकडं याला साधारण दिवाळी लागली.

भाषेचं इथंच सांगतो. कारण सांगताना पोरगं घरच्या बोलीत बोलणार, "थे पाणी खालतं जाते ना सर, म्हून", अन् तिथंच आपण "ते पाणी खाली जाते" असं दुरुस्त केलं की विचाराची गाडी तिथंच पंक्चर. यवतमाळकडं कोलामी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारी लेकरं असतात, त्यांना आधी त्यांच्या भाषेत आपसात बोलू द्या, तुम्हाला नाही समजलं तरी चालते, मग त्यातल्या एकानं मराठीत सांगावं. प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, पण लिहिताना, दुसऱ्या तासाला. विचाराच्या तासाला फक्त विचार. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीती-दडपण नसावं, त्यानं मोकळेपणी मत मांडावं असं लिहिलेलं आहे, त्यातलं मत मांडणं माझ्या मते इथूनच सुरू होते.

तिसरी पायरी: पुस्तकातला प्रश्न घरी नेऊन उलटा करा

टाचण (उद्याच्या पाठाची तयारी) काढताना रोज एकच प्रश्न बदलायचा. एकच. सगळे बदलायला गेलं तर तिसऱ्या दिवशी सोडून देता, स्वतःचा अनुभव आहे.

स्वाध्यायातला प्रश्न असते, "कापसाला कोणती जमीन लागते?" उत्तर काळी, विषय खलास. तोच असा विचारला, "नाल्याजवळच्या वावरात पऱ्हाटी माझ्या खांद्याइतकी अन् बरडावरची म्हणजे मुरमाड जमिनीतली गुडघ्याइतकी, पाऊस तर दोन्हीकडं सारखाच पडला, मग काऊन?" आता पोरगं माती, ओल, मुळं, खत सगळं हुडकते. कोणी म्हणते तिकडचा शेतकरी खत जास्त टाकत असेल. चांगलं आहे, मग खत कोणी किती टाकलं हे कसं माहीत करायचं?

उलटा करायचे तीन-चार साचे मी वापरतो. एक, उत्तर देऊन टाकायचं अन् प्रश्न मागायचा: "उत्तर २४ आहे, गणित तयार करा." दोन, असं झालं नसतं तर: "पोळ्याला बैलच नसते, गावात सगळे ट्रॅक्टरच असते, तर काय काय बदललं असतं?" (तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचं काय, हा प्रश्न पहिलीतल्या पोट्टीनं विचारला होता अन् त्यावर वर्गात पंधरा मिनिटं वाद झाला.) तीन, यातलं वेगळं कोणतं अन् कशावरून: तूर, सोयाबीन, कापूस, हरभरा. कोणी कापूस म्हणेल कारण तो खात नाहीत, कोणी हरभरा म्हणेल कारण तो रब्बीचा, कोणी सोयाबीन म्हणेल कारण "आजोबाच्या टायमाले नव्हता". सगळी बरोबर. ज्या प्रश्नाला एकच उत्तर आहे तो वाईट असते असं नाही, पण दिवसभर तेच चाललं तर पोरगं आपल्या तोंडाकडं बघून उत्तर ओळखायला शिकते.

ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांची विचाराच्या पायऱ्यांची जी यादी आहे, १९५६ ची, नंतर २००१ मध्ये सुधारलेली, आठवणे, समजणे, वापरणे वगैरे, ती बीएड-डीएडला सगळ्यांनी पाठ केली आहे. तिचा उपयोग एवढाच करा की आठवड्याचे प्रश्न लिहून पाहायचे अन् सगळे "आठवणे" मध्येच बसतात का ते मोजायचं. माझे बसत होते.

चौथी पायरी: आधी अंदाज लिहा, मग करा, मग भांडा

विज्ञान किंवा परिसर अभ्यासातला कोणताही प्रयोग घ्या. आपण काय करतो, प्रयोग करून दाखवतो अन् पोट्टे टाळ्या वाजवतात. त्यात विचार आपला होते, टाळ्या त्यांच्या. क्रम बदलायचा: काय होईल ते आधी वहीत लिहायचं, कारणासकट. पेननं, पेन्सिलीनं नाही, नाहीतर नंतर खोडून "माझं बरोबर होतं" म्हणतात.

मातीचा प्रयोग सविस्तर सांगतो कारण तो कुठंही होते. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या, एक-एक लिटरच्या. बुडाकडून कापून टाका अन् उलट्या धरा म्हणजे नरसाळे झाले. तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा रबरानं बांधा. एका बाटलीत तीन वाट्या काळी माती, दुसरीत तीन वाट्या बरडाची मुरमाड. खाली स्टीलचे ग्लास. वरून दोघींत एकाच मापाचं पाणी, एक-एक ग्लास, एकाच वेळी, दोन पोट्ट्यांनी. अंदाज आधी लिहून झाला पाहिजे: कोणत्या ग्लासात आधी पाणी येईल, कोणत्यात जास्त येईल, काऊन?

आता माझी फजिती. पहिल्यांदा केला तेव्हा मी मोठ्या थाटात सांगून बसलो होतो की काळी माती पाणी धरून ठेवते, अन् प्रत्यक्षात काळ्या मातीतून पाणी भदाभदा आधी खाली आलं. पोट्टे माझ्याकडं बघून राह्यले. जुना मी असतो तर "प्रयोगात काहीतरी चूक झाली, तुम्ही पुस्तकातलं लिहा" म्हटलं असतं. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं "काऊन?" अन् मधली सुट्टी होईपर्यंत विचार करा म्हटलं. खिचडी खाऊन आल्यावर चौथीतली एक पोट्टी म्हणाली, "सर, ढेकलं होते ना, उन्हाळ्यात वावराले भेगा पडतात अन् पयला पाऊस सारा भेगातच जाते, तसं झालं." वाळलेली ढेकळं मी तशीच भरली होती, पाणी फटीतून गेलं! मग ढेकळं फोडून, चाळून, माती आधी थोडी भिजवून परत केलं, तेव्हा काळ्या मातीनं पाणी बराच वेळ सोडलंच नाही. तो दुसरा प्रयोग पोरांनी स्वतः डिझाईन केला, मी फक्त बाटल्या धरल्या.

तेव्हापासून मी प्रयोग आधी घरी करून पाहत नाही. हे काही जणांना पटणार नाही अन् जिथं आग, काच, औषध आहे तिथं तर आधी करून पाहायलाच पाहिजे. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा-बाटली प्रयोगाला कधीच नाही, हे तर फळ्यावर कायमचं लिहून ठेवा.

माती-पाण्याचे असे प्रयोग आपल्याकडं नवे नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ पासून होशंगाबाद विज्ञान म्हणून कार्यक्रम तीस वर्षं चालला, गावातल्या सरकारी शाळांमध्ये पोट्टे स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढायचे. अन् त्याच्याही आधी १९३७ साली आमच्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती, गांधीजींच्या नई तालीमची, हाताच्या कामातून शिकायचं म्हणून. आज सूत कातायची तकली नाही चालवत कोणी, पण शाळेची परसबाग आहे ना, वांग्याच्या दोन ओळी करा, एकीला पालापाचोळ्याचं आच्छादन टाका अन् एकीला नको, अन् पाणी दोन्हीला मोजून सारखंच. बाकी काम पोट्टे करतात.

पाचवी पायरी: गणितात अडवा

सालदाराच्या गणितावर इलाज काय, तर आठवड्यातून दोन गणितं मुद्दाम बिघडवून द्यायची.

एकात माहिती कमी: "आजीनं दिवसभरात ४२ किलो कापूस वेचला, तर मजुरी किती मिळाली?" इथं पोट्ट्यानं "भाव तं सांगा ना सर" म्हणायला पाहिजे. नाही म्हटलं तर थांबा, खडू खाली.

दुसऱ्यात माहिती जास्त: "एका बाईनं सकाळी १८ किलो, दुपारनंतर २४ किलो कापूस वेचला, किलोमागं १० रुपये धरा, वावर ५ एकर आहे, वावरात ३ बाया होत्या, तर या एका बाईची मजुरी किती?" उत्तर ४२० रुपये, पण पहिल्यांदा पाचानं गुणणारे अन् तीननं भागणारे दोन्ही भेटतात. हेच गणित देत असताना एक पोरगा म्हणाला की सर सकाळचा कापूस दवानं ओला राह्यते, वजन जास्त भरते, म्हून मालक सकाळचा वेगळा मोजते. आता हे पुस्तकात कुठं आहे? मजुराच्या लेकराला जे माहीत आहे ते गणिताच्या तासाला कामी येते हे त्याला त्या दिवशी कळलं, अन् तो पोरगा तोवर गणितात "ढ" म्हणून बसवलेला होता, मागच्या ओळीत, मीच बसवलेला.

तिसरं, एकच गणित पण रीत प्रत्येकाची. २५ गुणिले १२ तोंडी. कोणी २५ दाहे अडीचशे अन् वर पन्नास म्हणते. कोणी म्हणते चार पंचवीस शंभर, बारात तीन चोक, म्हणून तीनशे. फळ्यावर सगळ्या रीती लिहायच्या, पोरांचं नाव देऊन, अन् विचारायचं की ३५ गुणिले १२ ला यातली कोणती चालेल, कोणती अडेल. रोज दहा मिनिटं, परिपाठानंतर लगेच, त्याच्यापेक्षा जास्त नको.

अन् पावसाळ्यात एक भारी काम होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर्गखोलीचं छत मोजा, समजा ६ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. २० मिमी पाऊस झाला तर छतावर ६०० लिटर. पोरांना हे उत्तर पटतच नाही, "एवढं कुठून येईन सर", मग ड्रम, बादली, पन्हाळ, मोजणं सुरू होते. न पटणं हीच तर सुरुवात आहे.

सहावी: बोलायची सोय करा

पाच-सात बोलके पोट्टे सगळा तास खाऊन टाकतात, बाकीचे, खासकरून पोरी, गप बसतात. फ्रँक लायमन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली सोपी पद्धत आहे, आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी जोडीनं बोलणं, मग वर्गाला सांगणं. आमच्या दोन वर्गांच्या खोलीत मी तिसरीचा एक अन् चौथीचा एक अशी जोडी लावतो, अन् नियम असा की वर्गाला सांगताना स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. त्यानं ऐकावंच लागते.

भिंतीवर कार्डशीटवर तीन वाक्यं लावली आहेत, मुद्दाम त्यांच्याच बोलीत: "मले असं वाटते, कारण...", "तुह्यं मले पटलं नाही, कारण...", "मी पयले असं म्हणत होतो, आता बदललो, कारण..." तिसरं वाक्य जो वापरेल त्याच्यासाठी टाळी. चुकीचं उत्तर मान्य करणारा पोरगा वर्गात हिरो झाला पाहिजे, अन् ते होण्यासाठी आधी सरांनी दोन-चार वेळा सगळ्यांसमोर तिसरं वाक्य म्हणावं लागते. ढेकळांचा किस्सा मला तिथं फार कामी आला.

आवाज होते. होणारच. शेजारच्या खोलीतल्या मॅडमला आधी सांगून ठेवा.

सातवी पायरी, जी मला सगळ्यात आवडते: दावा तपासणं

मोठं उदाहरण लोणारचं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं, बुलढाण्याचं म्हणजे आपलंच. फोटो दाखवा, मोबाईलवर चालते. तीनच प्रश्न विचारायचे: काय दिसते? त्यावरून काय वाटते? काय विचारावं वाटते? पहिल्या प्रश्नात "दिसते" तेवढंच सांगायचं, "कोणीतरी रंग टाकला" हे दिसत नाही, वाटते. हा फरक पोट्ट्यांना (अन् मोठ्यांना) कळायला वेळ लागते.

मग कारणं गोळा करा. आमच्याकडं आली ती: रंग टाकला, शेवाळ, लाल माती वाहून आली, देवाचा कोप. प्रत्येकासमोर लिहायचं, हे खरं असेल तर अजून काय दिसायला पाहिजे? लाल माती असेल तर वरून पाऊस मोठा झालेला पाहिजे. रंग असेल तर एका कडेला जास्त दिसेल. शेवटी सांगायचं की पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले अन् खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले, पाणी आटून खारटपणा वाढला तशी त्यांची वाढ झाली, अन् नमुना ठेवून दिला तर गुलाबी भाग खाली बसून वरचं पाणी नितळ झालं. उत्तर लगेच सांगू नका, एक दिवस लटकवून ठेवा.

दुसरं उदाहरण गावातलं, अन् इथं सांभाळून. पाऊस लांबला की आपल्याकडं धोंडी काढतात, म्हणजे पाऊस मागत गावात फिरतात, लिंबाचा पाला, बेडूक, "धोंडी धोंडी पाणी दे". पोट्टे म्हणाले धोंडी काढली अन् तिसऱ्या दिवशी पाऊस आला, म्हणजे धोंडीनंच आला. मी काहीच म्हटलं नाही, फळ्यावर चार खणांचा चौकोन काढला: धोंडी काढली–पाऊस आला, काढली–नाही आला, नाही काढली–तरी आला, नाही काढली–नाही आला. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून या, प्रत्येक खणात काय भरते. पहिला खण भरून आला, बाकीच्यांत फार काही नाही, कारण ते कोणाला आठवतच नव्हतं. मग एका पोट्टीनं विचारलं, "नाही आला थे कोण ध्यानात ठेवते सर?" हा प्रश्न तिचा. अजून एक निघालं की धोंडी काढतातच मुळी पाऊस फार लांबल्यावर, म्हणजे तेव्हा तो यायच्या जवळच आला असते.

म्हाताऱ्यांची टिंगल करायची नाही, पोट्ट्यांना करू द्यायची नाही. धोंडी हा गावाचा सोहळा आहे, मीही जातो, अंगावर पाणी घेतो. चार खणांचा चौकोन हे फक्त अवजार आहे, तेच व्हॉट्सॲपवर आलेल्या औषधाच्या फॉरवर्डला लावा, "हे पिऊन शुगर गेली" वाल्याला. कोणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं का, दुसरं कारण असू शकते का.

तपासायचं कसं

याला मार्क देऊ नका, दिले की पोरगं मार्कांसाठी "कारण" शब्द टाकते अन् पुढं काहीही लिहिते. मी एक साधी वही ठेवतो, रोज तीनच पोट्टे बघायचे, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सगळा वर्ग फिरून होते. बघायचं काय: आज यानं स्वतःहून प्रश्न विचारला का, कारण सांगितलं का, मत बदललं का. हो-नाही, एखादं वाक्य त्याच्याच शब्दात. पालकसभेला ती वाक्यं वाचून दाखवतो, मार्कशीटपेक्षा लोक ते जास्त ऐकतात.

पालकांना घरी काय करायला सांगायचं? बहुतेक मायबाप मजुरीला जातात, संध्याकाळी अभ्यास घ्या म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. एवढंच सांगतो की चुलीजवळ बसल्यावर "आज शाळेत काय शिकवलं" न विचारता "आज सरांले काय विचारलं" असं विचारा. एक बाई म्हणाली, विचारलं तर मलेच प्रश्न विचारते बाप्पा रात्रभर. ती तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलं नाही.

पहिल्या महिन्यात काय

आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पहिला आठवडा असाही प्रवेश-पुस्तकं-गणवेशात जाते, तेव्हा फक्त खडू खाली ठेवायची सवय करा, बाकी काही नको. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्यांचा डबा अन् बरोबर उत्तराला कशावरून. प्रयोग जुलै अखेर, माती ओली असते, वावरात जाता येते. दावा तपासणं दिवाळीनंतरच, आधी पोरांना एकमेकांचं न पटल्यावरही न भांडता बसता आलं पाहिजे.

अन् एक मोठा प्रश्न वर्षभरासाठी भिंतीवर. आमचा यंदाचा पोट्ट्यांनीच निवडला: हापशीचं पाणी उन्हाळ्यात थंड अन् हिवाळ्यात कोमट काऊन लागते? अंदाज लिहून घेतले, जमीन ऊन घेऊन ठेवते, खाली आग आहे, पाणी तसंच राहते पण आपला हात बदलते. शेवटचा अंदाज दुसरीतल्याचा आहे. मोजायला तापाचं थर्मामीटर आणलं एकानं, पण ते ३५ च्या खाली दाखवतच नाही, म्हणून प्रयोगशाळेतलं घेतलं. मोजायच्या आधी चाळीस-पन्नास वेळा हापसायचं, नाहीतर पाइपातलं तापलेलं पाणी येते, हा नियमही दोनदा चुकल्यावर पोरांनी बसवला. पाण्याचं अन् बाजूच्या हवेचं, दोन आकडे, दर सोमवारी. मार्चपर्यंतच्या नोंदी झाल्या आहेत. खरी गरज मेच्या आकड्यांची आहे अन् तेव्हा शाळा बंद, तर थर्मामीटर सुट्टीत कोणाच्या घरी ठेवायचं यावरून सध्या चौथीत जोरात भांडण सुरू आहे.